तिसरं मशीन सुरू होतं तेव्हा

गार्गी धरमपेठेतल्या त्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये शिरली तेव्हा एकही खुर्ची रिकामी नव्हती. रिपोर्टच्या काउंटरवरचा मुलगा चटकन उठला.

"मॅडम, माह्या खुर्चीवर बसा. मी उभ्यानंच रिपोर्ट देतो."

बिल्ल्यावर नाव होतं पुष्कर. डोळे मात्र... जाऊ दे, ती कामासाठी आली होती!

एकटीनं करायचं तिचं हे पहिलंच काम. लॅबचा डेटाबेस तीन मशीनवर मिळून चालायचा. त्यात नवं व्हर्जन घालायचं, तेही भर गर्दीत, कुणाला पत्ता न लागू देता. शेवटी मालकीणबाईंची सही हवी: 'कामात व्यत्यय आला नाही.' एक जरी तक्रार आली, तर सदर भागातल्या तिच्या ऑफिसातले साहेब तिला पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली बसवणार होते.

"तिन्ही एकदम बंद करून राहिल्या का?" पुष्करनं विचारलं.

"छे! पंगत चालू असताना एकेका वाढप्याला बाजूला घ्यायचं. बाकीचे दोघं वाढत राहतात, पान कुणाचं रिकामं राहत नाही."

"मंग वाढप्याले चहा चालते का?"

ती हसली. "चालते."

पहिलं मशीन झालं, दुसरं झालं. चहाही दोन झाले. तिसरं सुरू होतं, आणि बहात्तर वर्षांचे मधुकरराव कागद नाचवत काउंटरवर आले.

"काहून गा, मी गरोदर आहो?"

मागून नवी नवरी प्रेमिला रडवेली होऊन म्हणाली, "अन् मले शुगर?"

मालकीण पुष्पलताबाई तरातरा बाहेर आल्या. "या अपग्रेडच्या उचापतीनंच झालं हे! मी सही करणार नाही."

गार्गीनं दोन्ही कागद घेऊन स्क्रीनशी ताडून पाहिले. नाव बरोबर, रिपोर्ट बरोबर... फक्त ज्याचा त्याच्या हाती गेला नव्हता. तिनं वर पाहिलं. पुष्करचे कान लालबुंद झाले होते. तो गप्प राहिला असता, तर बाईंनी खापर अपग्रेडवरच फोडलं असतं.

"कम्प्युटर बरोबर आहे, बाई," तो म्हणाला. "मीच इकडचा कागद तिकडे देल्ला."

"काहून? दोन वर्षांत एक चूक नाही तुही!"

"दोन वर्षांत इथं... ह्या बसल्या नव्हत्या."

मधुकररावच खो-खो हसले. "करा जी सही, बाई! पोरगं खरं बोलून राहिलं."

बाईंनी सही केली. खाली शेऱ्यात लिहिलं: 'पेशंटना व्यत्यय नाही. आमच्या पुष्करला आला.'

गार्गीनं कागद जपून पर्समध्ये ठेवला. हे साहेबांना दाखवायचं कसं, देव जाणे. पण मन कसं हलकं, आनंदी झालं होतं.

"झालं ना काम?" पुष्करनं हळूच विचारलं. "आता नाही येणार..."

"पंधरा दिवस रोज बघावं लागतं, नीट चाललंय का ते."

"ते तुमच्या ऑफिसातून नाही दिसत?"

"दिसतं की," गार्गी म्हणाली. "उद्या अकराला येते. खुर्ची ठेवा."