दोब्रिंकाचा साक्षीदार

शेगडीत अजून एक लाकूड सार रे, आणि इवो, तू जरा आत सरक, भिंतीला टेकून घोरायला लागशील. हसा, हसा! माझ्या थापांवर तुम्ही वाढलात हे खरं, पण ही थाप नाही. ही माझ्या मेहुण्याची, मिन्यूची गोष्ट. मिन्यू म्हणजे कोंबडी अंगावर ओरडली तरी टोपी काढून तिची माफी मागणारा माणूस. त्याला खोटं रचता येत नाही. तेवढी अक्कलच नाही.

गेल्या नोव्हेंबरातला पितरांचा शनिवार, आपण कबरीवर मेणबत्ती लावून गहू ठेवतो तो. रात्रीचे आठ वाजून गेलेले. मिन्यू ओतकाम कारखान्यामागच्या रस्त्यानं पहारेकरी आस्पारूखच्या घरी निघाला होता. काम साधं. आस्पारूखला साक्षीला आणायचं.

कसली साक्ष? आमच्या युनियनची प्रतिनिधी दोब्रिंका. उन्हाळ्यात क्रेनची साखळी तुटून आमच्या भट्टीवरचा मेतोदी साच्याखाली चिरडून मेला, तेव्हा सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या. ही बया मात्र गप्प बसेना. साखळी झिजलेली होती आणि डायरेक्टरला ते माहीत होतं, असं दारोदार सांगत सुटली. मग डायरेक्टर काल्चेव्ह तिच्या मागेच लागला. तिला भट्टीवरून काढून अंगणात एकटीला भंगार निवडायला बसवलं. तिच्याशी बोलेल त्याला रात्रपाळी. तरी ही जाईना.

त्या शनिवारी सकाळी तिनं मेतोदी पडला त्या जागी, आपल्या रीतीप्रमाणे, त्याच्या नावानं राकिया, आपली फळांची दारू, जमिनीवर ओतली. चार थेंब पुरले असते! पण दोब्रिंकाचं सगळंच सढळ, अख्खी बाटली उपडी केली. वास थेट ऑफिसात. काल्चेव्हला आयतंच सापडलं. कामावर दारू प्यायली! युनियनच्या माणसाला एरवी काढता येत नाही, पण यावर येतं. त्याच रात्री नऊला सुनावणी ठेवली, म्हणजे कारखान्यात चिटपाखरू नसेल. तिच्या बाजूनं बोलायला एकच माणूस चालेल म्हणाले. तर कोण पुढं झाला? आमचा कोंबडीवाला. दोब्रिंका गेली असती तर साखळीचं नाव काढणारं कुणी उरणार नव्हतं, आणि बाकीच्या साखळ्या अजून त्याच होत्या.

आस्पारूखनं दार बोटभर उघडलं.

"मी काही पाहिलं नाही, मिन्यू."

"अरे, तू तिच्या शेजारी उभा होतास! 'मला ठेव की घोटभर' म्हणालास!"

"माझी पोरगी त्यांच्या ऑफिसात आहे... जा बाबा."

कडी लागली. मिन्यूनं आणखी दोन-तीन दारं वाजवली. आतले दिवे विझले.

परतताना दफनभूमीची भिंत लागते. तिथं मिन्यूनं भोकाड पसरलं. ते त्याला छान जमतं.

"कुणीच पाहिलं नाही म्हणतात रे! आता मी कुणाला नेऊ?"

भिंतीपलीकडून कुणीतरी खाकरलं.

"मी पाहिलं."

मिन्यूला वाटलं, कबरीवर मेणबत्ती लावायला आलेलं कुणी असेल.

"मग चला ना, दादा! तिची नोकरी जाईल हो!"

"हो पुढं. मागं बघू नकोस."

बघितलं नाही. पावलं ऐकू येत होती... ओली. चिखलातून पाय उपसावा तशी. आणि रस्ता तर डांबरी.

ऑफिसात दोब्रिंका उभी होती. समोर रिकामी खुर्ची होती, पण तिला बस म्हटलं नव्हतं.

"या, वकीलसाहेब!" काल्चेव्ह म्हणाला. "साक्षीदार कुठाय?"

"ये... येतोय, साहेब. मागून."

मिन्यूनं वळून पाहिलं. जिना रिकामा.

काल्चेव्ह खो खो हसला. दोब्रिंकानं मिन्यूच्या बाहीला हात लावला. "जाऊ दे रे. तू तरी आलास."

खुर्ची सरकली.

आपोआप.

खुर्चीत काही नव्हतं. मिन्यूला दिसलं नाही, दोब्रिंकालाही नाही. पण काल्चेव्ह... तो खुर्चीकडे बघत होता. हसू तोंडावर तसंच राहिलेलं.



"हो," काल्चेव्ह म्हणाला. खुर्चीला.

...

"हो... माहीत होतं. झिजली होती..."

...

"नाही. ती नाही प्यायली. तू... तू प्यायलास. लांब राहा. लांब..."

सोमवारी दोब्रिंका भट्टीवर परत आली. नव्या साखळ्या आल्या. काल्चेव्ह नोकरी सोडून बहिणीकडे गेला. तिथं म्हणे घरातल्या सगळ्या खुर्च्या उलट्या करून ठेवतो आणि उभ्यानं जेवतो.

ती खुर्ची युनियनच्या खोलीत आहे. तिच्या गादीवर पिवळी माती होती, ओलीच. झाडणाऱ्या बाईनं हात लावायला नकार दिला. आठवड्याभरात मातीतून हिरवे कोंब वर आले. गव्हाचे.

पितरांच्या शनिवारी मेतोदीच्या बायकोनं कबरीवर गहू ठेवला होता खरा. सगळेच ठेवतात.

पण तो उकडलेला असतो, पोरांनो.