सुनेच्या वाट्याचे दिवस

सोनाली पाया पडायला वाकली, तसे धोंडीबाईंनी पाय मागे घेतले.

दारात टेम्पो चालू होता, बॅग चढली होती, सहा वर्षांची पिंकी बापाच्या, सूरजच्या कडेवर मुसमुसत होती... आणि नमस्कारासाठी पुढे आलेले सुनेचे हात तसेच अधांतरी राहिले. आठ वर्षांच्या संसारात तिने सासूचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. पहाटे उठून घरचं सगळं उरकायचं, धसईहून एसटी धरायची आणि मुरबाडच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायला जायचं, हा तिचा नेम. त्या कारखान्याने तिच्या हाताची सफाई पाहून तिला चार महिन्यांसाठी जपानला, मोठ्या कारखान्यात काम शिकायला पाठवायचं ठरवलं होतं. चाळीस बायकांतून तिला एकटीला! पण हे भाग्य उजाडलं ते नेमकं आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या तोंडावर.

"रोपं तयार झाली न तू चाललीस," धोंडीबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "सावडीला तुज्या जागी कोन उतरंल? आन् पोरीला टाकून जानारी आई मी नाय बगली. जा. पन आजपासून माजं न तुजं बोलनं बंद."

त्या गावात आवणीला मजूर लावत नाहीत. पाच घरच्या बायका आज रखमीच्या शेतात, उद्या बाईजाच्या, परवा आपल्या, अशी सावड चालते, आणि सासू-सून दोघी असलेल्या घरातून दोघींनीही उतरायचं असतं. सोनालीला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण परत आल्यावर कारखान्यात तिच्या हाताखाली माणसं येणार होती, पिंकीच्या आयुष्याला वेगळं वळण लागणार होतं. तिने काळजावर दगड ठेवला. सासूचं मन आपण कायमचं गमावलं की काय, ही एकच टोचणी घेऊन ती विमानात बसली.

जपान स्वच्छ होतं, शिस्तीचं होतं, आणि तिच्यासारख्या बोलक्या बाईला गुदमरवून टाकण्याइतकं शांत होतं. खोलीत शिरताना एक चप्पल, संडासात दुसरी, कारखान्यात तिसरे बूट. कचऱ्याच्या सहा पिशव्या, आणि अंड्याचं टरफल कुठल्या पिशवीत टाकायचं हे शिकायलाच तिला आठवडा लागला. भात चिकट, आमटीला फोडणी नाही. पहिले काही दिवस ती घरून नेलेल्या लसणाच्या चटणीवरच जगली म्हणा ना. हे सारं तिने हसत अंगवळणी पाडलं. पण रविवारी सूरजचा व्हिडिओ कॉल आला, की पिंकीच्या मागून एक पाठ उठून परसात निघून जायची... आणि सोनाली ताट बाजूला सारायची. सासूची ती पाठ तिला आता तोंडपाठ झाली होती.

आणि तशातच तिच्या हातून ती चूक घडली.

कारखान्यात बारा टेबलं एका ओळीत. प्रत्येकीने आपल्या वाट्याच्या वायरी बसवायच्या, आपला शिक्का मारायचा आणि जुडगा पुढे सरकवायचा. सोनालीचा हात चलाख. तिचं काम आधी संपे, आणि शेजारची मुलगी मागे पडलेली दिसली की ती आपली इकडून हात घालून तिच्या दोन-चार वायरी बसवून टाकी. त्यात वावगं ते काय? पण तिथे ज्याचा शिक्का त्याचाच हात लागतो. एक दिवस तपासणीत दोन वायरी उलट्या निघाल्या, शिक्का शेजारणीचा होता, आणि ती रडत सांगू लागली की या वायरी मी बसवल्याच नाहीत. बाराही टेबलं तासभर बंद पडली.

"मी बसवल्या," सोनाली पुढे होऊन म्हणाली.

पर्यवेक्षक मोरिताबाई आवाज चढवून बोलल्या नाहीत. त्यांनी दुभाष्याकडून एवढंच कळवलं, की पुन्हा असं झालं तर परत पाठवावं लागेल.

परत! चाळीस बायकांसमोर, गावासमोर, आणि त्या फिरलेल्या पाठीसमोर काळं तोंड घेऊन परत...

त्या रविवारी पिंकीच बोलून गेली. "मम्मी, आजी दोन दोन दिवस भरते. पह्यला तिचा, मग तुजा."

"काय गो?" सोनालीला काही उमजेना. "पिंकीचे बाबा, काय बोलते ही?"

सूरजने आधी कचरत इकडेतिकडे पाहिलं, मग सारं सांगून टाकलं. "आई सांगू नको बोललेली. रखमीकाकी, बाईजाकाकी बोलल्या, सोनालीचा दिस ऱ्हाऊ दे. आई ऐकंल तर ना. सगळ्यांची आवणी झाली तरी ही एकटी एकेकीच्या शेतात जाऊन, तन काडून तुज्या नावाचा दिस भरते. कंबर धरते, तरी जाते. बोलते, माजी सून कामाला गेली हाय, पळून नाय गेली. तिच्या नावानं कुनी बोट दाखवायचं नाय."

सोनालीने फोन छातीशी धरला. तिला वाटलं होतं, त्या पाठीत फक्त राग आहे... आणि तीच पाठ दिवसभर चिखलात वाकून तिची अब्रू सांभाळत होती! ती ओक्साबोक्शी रडली. मग तिने तोंड धुतलं आणि मनाशी ठरवलं, की मान खाली घालून आता घरी जायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत तिने हात वर केला. तिथे शिकाऊ बाई असा हात वर करत नाही.

"माझी चूक झाली," ती दुभाष्यामार्फत म्हणाली. "पण आमच्या शेतात जिची ओळ आधी संपते ती बांधावर बसत नाही, शेजारणीच्या ओळीत शिरते. तो हात मला बांधून ठेवता येणार नाही. तुम्ही मला बाराही टेबलं शिकवा. मग मी माझा शिक्का मारून मदत करीन, आणि चूक निघाली तर ती माझी असेल."

मोरिताबाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. दोन दिवस काहीच उत्तर आलं नाही, सोनालीने मनातल्या मनात बॅगही भरली. तिसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या टेबलापाशी उभं केलं. मग तिसऱ्या, मग चौथ्या... ऑक्टोबर उजाडेपर्यंत बारा टेबलं तिच्या हाताखालून गेली होती आणि दंडावर हिरवी पट्टी आली होती. जिथे काम अडेल तिथे पट्टीवाली जाई, आपला शिक्का मारी, आणि ओळ न थांबता पुढे चाले. आता त्या जागेला कारखान्याने रीतसर नावही दिलं.

ती गावी पोचली तेव्हा खळ्यावर भाताची झोडणी चालू होती. बायका पेंढ्या टाकून धावल्या. धोंडीबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

सूरजच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. "जानेवारीत परत बोलवलं हाय हिला, वर्साकरता," त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. "मुरबाडच्या आठ पोरींना घेऊन, त्यांची मुख्य म्हणून. पन ही नाय म्हणते."

धोंडीबाईंनी हातातली पेंढी खाली ठेवली.

"का नाय म्हणतेस?"

चार महिन्यांनी कानावर पडलेला तो आवाज ऐकून सोनालीचे डोळे भरून आले. "आई, तुमी अजून किती वाकायचं माज्यासाठी? मला सगळं कळलंय."

"मी वाकले ते माज्या हट्टानं," धोंडीबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. "मी भ्याले व्हते गो. वाटलं, तितलं चांगलं बगून तुला आमचं घर नकोसं व्हईल. म्हणून आधीच तोडून टाकलं. चुकले मी. पोरीसमोर, या बायांसमोर सांगते, चुकले."

सोनाली त्यांच्या गळ्यात पडली. रखमी पदराने डोळे पुसत म्हणाली, "या खेपेला हिचा दिस आमी वाटून घेऊ, धोंडे. तू बस घरात."

"ते मग बगू," धोंडीबाईंनी सुनेला दूर करत फर्मावलं. "आदी तुज्या जपानच्या त्या बाईला फोन लाव."

"आत्ता? कामाची वेळ आहे त्यांची."

"लाव म्हणते ना."

फोन लागला. पडद्यावर मोरिताबाईंचा गंभीर चेहरा उमटला. धोंडीबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला आणि खणखणीत आवाजात बोलू लागल्या, "ओ बाई, मी हिची सासू. पोर पाठवते तुमच्याकडं. कामाला वाघीण हाय, पन जेवायला लाजते. तिला पोटभर घाला. आन् तिच्या आमटीला फोडनी द्या."

मोरिताबाईंना एक अक्षर कळलं नाही. त्या हसल्या, खुर्चीतून उठल्या आणि कमरेत खोल वाकल्या. धोंडीबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, दुखऱ्या कमरेवर एक हात ठेवला, आणि साऱ्या खळ्यादेखत त्याही तितक्याच खोल वाकल्या.