बावखलातली ओ

ही घटना शंभर टक्के खरी आहे. देवाशपथ सांगतो. साक्षीदारही आहे.

साक्षीदार म्हणजे माझी प्रेमलाकाकी. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्याने येतं, तिच्या मनात असेल तर.

गाव होळी, वसईजवळचं. एप्रिलमधला शुक्रवार, भर दुपार.

भुतांनी रात्रीच यावं असा नियम आहे म्हणतात. आमच्याकडे कुणी पाळला नाही.

आमच्या वाडीत बावखल आहे. बावखल म्हणजे दगडी पायऱ्यांचं तळं. वाडीचं सगळं पाणी त्यातूनच. आठ वर्षांचा असताना तिथे, शेवटच्या पायरीवर, कुणीतरी माझा घोटा धरला...

घरचे म्हणाले, शेवाळ असेल.

शेवाळाला बोटं नसतात.

त्यानंतर चाळीस वर्षं मी तिथे उतरलो नाही. शिकलो, नोकरीला लागलो, नायगावात अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पाण्यापासून परवडेल तितका उंच.

रोज बावखलात उतरणारे भालचंद्रकाका दिवाळीत गेले. काकीचे गुडघे त्याआधीच गेले होते. बादलीभर पाणी ओतल्याशिवाय आमचा पंप पाणी खेचत नाही, आणि ती बादली भरायला बावखलातच उतरावं लागतं. केळी माना टाकून उभ्या होत्या.

"सदा, उतरतोस की वाडी विकायला बिल्डरला फोन करू?" काकी म्हणाली. "तो तरी घाबरत नाही."

"काकी, मी पन्नाशीला आलो."

"तेच म्हणते. मोठा कधी होणार?"

उतरलो.

आमच्या घरची पद्धत अशी, की एक जण खाली गेला की वरच्याने हाका मारत राहायचं. खालच्याने ओ द्यायची. ओ आली नाही, तर धावत जायचं. काकी पडवीत बसून होती. धावण्याचा भाग सोडून द्या.

पहिली पायरी. बेडूक ओरडत होते.

मधली पायरी... बेडूक गप्प.

"सदाऽऽ!"

तोंड उघडलं. आवाज निघेना.

शेवटची पायरी. माडाच्या झावळ्या वाऱ्याने हलत होत्या... पण त्यांचा आवाज येत नव्हता.

"सदाऽऽ!"

पुन्हा तेच. घशातून हवासुद्धा बाहेर पडेना.

बादली बुडवली. घोट्याला गार काहीतरी लागलं... थांबलं... आणि सुटलं. ओळख पटल्यासारखं.

वर आलो. भीती संपली की नाही, हे तपासायचंही त्राण नव्हतं.

काकी खूश. "शाबास! प्रत्येक हाकेला ओ दिलीस. आणि काय खणखणीत! एरवी नुसता पुटपुटतोस, मला एक अक्षर कळत नाही."

मी बादली पंपात ओतली, बटण दाबलं.

पंप ढिम्म.

"अरे हो, आज शुक्रवार ना," काकी म्हणाली. "दुपारी लाईट नसते."

संध्याकाळी लाईट आली. तोवर पंपातलं पाणी गळून गेलं होतं. परत उतरलो.

आता रोज उतरतो, ऑफिसला जायच्या आधी. केळी सावरल्या. बिल्डरला फोन गेला नाही. मी अजून एकदाही ओ दिलेली नाही. काकीला रोज ऐकू येते.

पंपाचा व्हॉल्व्ह गळका आहे, तो खाली पाण्यात असतो. बदलायला फ्रान्सिस मिस्त्री आला होता.

वरूनच बघून गेला.