शिंकांचा पुरावा

सलग अकरा शिंका! बाराव्या शिंकेसरशी तो चुकून तिच्या प्रयोगशाळेत शिरला आणि टेबलावरच्या चिठ्ठ्या भुर्रकन उडाल्या.

"सॉरी... डॉक्टरांची खोली शोधत होतो." जुने सोफे उसवून नव्याने भरणारा कारागीर होता तो. हातात रक्ताचा रिपोर्ट. सुया टोचूनही तपासणी झालेली. ॲलर्जी नाही! "दादा म्हणतो, कामचुकारपणाची नाटकं. पुढच्या महिन्यापासून माझ्या कारखान्यात पाऊल टाकू नकोस... आणि मला दुसरं काही आवडतच नाही हो."

नोकरीला जेमतेम तीन महिने झालेली ती ताठ उभी राहिली. "रक्तात नसेल, तर नाकात असेल!"

"काय?"

"ॲलर्जीच्या अँटिबॉडी. काहींच्या फक्त नाकाच्या अस्तरात तयार होतात. रक्ताला पत्ताच नसतो! उद्या या."

दुसऱ्या दिवशी तिने नाकात बारीक काडी फिरवली. "माझ्याकडे नको, छताकडे बघा."

"छतात काय आहे बघण्यासारखं?"

तिचे कान तापले.

...आणि निकाल? शून्य. "सोड त्याचा नाद," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. पण ती कसली सोडतेय! लगेच फोन.

"खरं सांगा, येण्याआधी काय केलंत?"

"काही नाही... तुमच्यासमोर बसायचं म्हणून मिठाच्या पाण्याने नाक धुतलं. तीनदा."

"अहो, पुरावाच धुतलात की!"

या खेपेला तो थेट कामावरून आला — केसांत कापूस, नाक लालबुंद. आणि अँटिबॉडीचा आकडा असा चढला की मॅडमनी तिची पाठच थोपटली!

त्याला समोर बसवूनच तिने त्याच्या दादाला स्वतः फोन लावला. "तुमचा भाऊ नाटकं करत नाही. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी आहे, नाकातच सापडली. औषध आणि मास्क घेऊन तो काम करू शकेल. तपासणी मी केलीय. मी!"

पलीकडून दादा म्हणाला, "फार बोललो मी त्याला... द्या जरा फोन."

त्याने ऐकलं, डोळे पुसले. "दादा चुकलो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा!" मग घुटमळत — "आता नमुना द्यायचा नाही... तरी उद्या येऊ?"

"कशाला?"

"तुम्ही... फार आवडता म्हणून."

तिने दार सताड उघडलं आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारली,

"मॅडम, बाहेर या ना! ओळख करून द्यायचीय — हा माझा आहे!"