वीस खाटांची खोली

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. माझ्या सासूबाई, सुलाबाई, तेव्हा नर्मदाबाईंच्या घरात होत्या.

साल १९८६. चैत्रातली दुपार, दोनचा सुमार. गाव ताडकळस.

नर्मदाबाई ही सुलाबाईंची सासू. धुरपताबाई ही नर्मदाबाईंची थोरली जाऊ. दोघी विधवा, दोघींकडं भरपूर जमीन. पटत मात्र नव्हतं.

धुरपताबाईंची एकुलती लेक बाळंतपणात गेली. परभणीला नेताना, बैलगाडीतच. रक्त थांबलंच नाही. बाईंनी बारा एकर काळं रान विकलं आणि गावच्या धर्मादाय दवाखान्याला बाळंतिणींची खोली बांधून दिली. आठ खाटा, शेजारी रक्त तपासायची यंत्रं. डॉक्टर दिनकरराव एकेक बाळंतिणीची नोंद ठेवायचे. कुणाचं रक्त कमी, कोण कशानं दगावली. त्या नोंदींवरून पुढं गावोगावच्या गरोदर बायांना वेळेत औषध मिळायला लागलं.

बाया वाचायला लागल्या.

पेडगावच्या बाया परभणी ओलांडून इथं यायच्या. लेकींना धुरपताचं नाव द्यायच्या.

नर्मदाबाईंचा जळफळाट व्हायचा. "माझ्या घरी काय कमी हाय?"

धुरपताबाई रोज त्या खोलीत बसायच्या. रडणारी बाळं थोपटायच्या. चौऱ्याऐंशीत त्या वारल्या.

तेरावा झाला, आणि नर्मदाबाईंनी दुप्पट दान दिलं. जुन्या खोलीला लागूनच नवी खोली. वीस खाटा, पंखे, दारावर हातभर अक्षरांत स्वतःचं नाव.

पण तिथं कुणी टिकेना.

सकाळी ठेवलेली बाळंतीण दुपारी जुन्या खोलीत जायची. एका खाटेवर दोघी झोपतील, पण नवी खोली नको.

त्या दुपारी नर्मदाबाई स्वतः बघायला गेल्या.

वीस खाटा. चादरींच्या घड्या तशाच. माणूस एकही नाही.

आणि भिंतीपलीकडून आवाज...

थप... थप... थप...

तिकडं रडणारं बाळ गप्प झालं.

नर्मदाबाई जुन्या खोलीच्या दारात आल्या. बाया उन्हानं पेंगलेल्या. नर्स कावेरी जेवायला गेलेली. पाळण्यापाशी कुणी नव्हतं.

पण बाळाच्या अंगावरचं दुपटं... दबत होतं. तळव्याएवढं. वर येत होतं. पुन्हा दबत होतं.

दुसरी कुणी किंचाळली असती. नर्मदाबाई भडकल्या.

"मेलीस तरी इथंच का गं? माझ्या खोलीत का येत न्हाईस?"

दुपटं थांबलं.

सगळी बाळं एकदम रडायला लागली.

आणि पलीकडं, रिकाम्या खोलीत... एक खाट करकरली. मग दुसरी. मग तिसरी...

नर्मदाबाई घरी कशा पोचल्या, त्यांनाच कळलं नाही. तीन दिवस ताप उतरला नाही.

त्याच आठवड्यात नवी खोली भरली.

महिन्याभरानं पेडगावची सरजाबाई आली. बाळ नर्मदाबाईंच्या पायावर घातलं.

"लय उपकार, बाई. नव्या खोलीत रातभर लेकराला थोपटत बसलात."

"मी?"

"तुमीच की! हेच तोंड. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

ती सांगत होती त्या रात्री नर्मदाबाई घरी होत्या. सुलाबाईंच्या शेजारच्या बाजेवर.

"ती मी न्हाई," असं म्हणायचं होतं. त्यांनी बाळ उचलून सरजाबाईच्या हातात दिलं. ज्या मानासाठी जन्मभर जळल्या, तो पायाशी आला होता, आणि त्यांना तो नको होता.

मग बाया येतच राहिल्या. रोज कुणीतरी पेढे घेऊन.

नर्मदाबाई झोपायच्या आधी सुनेपुढं दोन्ही हात धरायला लागल्या.

"सुला, बांध. घट्ट बांध."

सुलाबाई बांधायच्या. पाच वर्षं, नर्मदाबाई जाईपर्यंत. सकाळी गाठ जशीच्या तशी असायची. पेढे यायचेच.

त्या गेल्यावर वर्षभर कुणी आलं नाही.

मग एका सकाळी ताडकळसचीच एक पोर बाळ घेऊन दारात उभी राहिली. सासूबाईंकडं बघून हसली.

"सुलाबाई, रातभर तुमाला जागवलं आमी."

आता रोज संध्याकाळी सासूबाई माझ्यापुढं, त्यांच्या एकुलत्या सुनेपुढं, हात धरतात.

मी बांधते... आणि त्यांच्याकडं बघत नाही.