पहिल्या खटक्यापर्यंत

ही २०२२ सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. यवतमाळला दारव्हा रोडवर, जिथे माझ्या लहानपणी कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची, तिथे आता पेट्रोल पंप आहे. सगळं तिथेच घडलं.

मी कॉलेजात चौतीस वर्षं पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा सांभाळली. माझे यजमान देवराव यांना डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा आम्ही प्रेमसिंगला ठेवलं. बोरी अरबकडच्या तांड्यावरचा, अबोल माणूस. दोन महिन्यांत गाडीचं अ‍ॅव्हरेज अठरावरून तेरावर आलं. हे म्हणाले, "पेट्रोल काढून राह्यला तो. दुसरं काय?"

ते प्रेमसिंगच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाई, माह्या पोरीची, बबिताची सोयरीक ठरून राह्यली. चोर म्हणून मले काढलं, तर पाव्हणे उंबऱ्यावरूनच परत जातीन. तुमी मोजा. मंग काढा."

"मोजते," मी म्हणाले. मनातून माझाही संशय त्याच्यावरच होता.

नीट मोजायचं तर काहीच बदलू द्यायचं नाही. तोच पंप, तेच नोझल. गाडी दर वेळी खडूच्या त्याच रेघेवर, म्हणजे टाकीचा कल सारखा. चाकांतली हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासायची. एसी बंद. नोझलचा पहिला खटका पडेपर्यंत टाकी भरायची, बोरी अरबला जाऊन साठ किलोमीटर पुरे करायचे आणि परत पहिल्या खटक्यापर्यंत भरायची. जेवढं आत गेलं, तेवढं जळलं. मी स्वतः मागच्या सीटवर, वही मांडीवर.

सोमवारी ४.६२ लिटर. मंगळवारी ४.६२. बुधवारी ४.६२.

शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी अशी तीन वाचनं कुणी आणली, की मी त्या मुलाची वही परत करायचे. खरं मोजलं की थोडं इकडेतिकडे होतंच. इतकं सारखं कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. पंपवाला आणि प्रेमसिंग मिळालेले असणार, असं मी धरलं. पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागवून त्यात पेट्रोल ओतायला लावलं. मशीन अगदी बरोबर निघालं.

गुरुवारी प्रेमसिंगला पंपावरच यांच्याशेजारी बसवलं आणि गाडी मी चालवली. मुद्दाम निम्म्या वाटेवरून परतले. तीसच किलोमीटर झाले होते.

४.६२.

"तुह्यंच काही तरी चुकलं," हे म्हणाले.

मग मी गाडी हलवलीच नाही. इंजिन बंद, किल्ली माझ्या मुठीत. आम्ही तिघं दहा मिनिटं तिच्याभोवती उभे राहिलो. मी वाकून खाली पाहिलं. सिमेंट कोरडं होतं. पेट्रोलचा वाससुद्धा नव्हता.

पंपवाल्याला म्हटलं, परत भर.

पेट्रोल आत जाऊ लागलं. आकडे फिरत राहिले. एक. दोन. तीनच्या पुढे.



खटका पडला.

प्रेमसिंगने आकड्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

"बाई, आता पाव्हण्यायले काय सांगसान?"

हे गाडीकडे पाठ करून उभे होते. घरी ते ऑटोने गेले.

सोयरिकीच्या बैठकीला मी तांड्यावर गेले आणि चारचौघांत सांगितलं, की हा माणूस चोर नाही, मी मोजून पाहिलंय. काय मोजलं, ते कुणी विचारलं नाही. बबिता केळापूरला दिली. तिला आता मुलगी आहे. प्रेमसिंग शाळेची बस चालवतो आणि दिवाळीला घरी येऊन जातो. हे दोन वर्षांनी गेले. त्या पंपाचा विषय त्यांनी शेवटपर्यंत काढू दिला नाही.

गाडी मात्र आम्ही त्याच शुक्रवारी भंगारात दिली होती, भरल्या टाकीसकट. तिथल्या जीवन मिस्त्रीने पेट्रोल काढून घ्यायला टाकी उतरवली, आणि संध्याकाळी मला बोलावून ती कापलेली टाकी दाखवली. आत या कडेपासून त्या कडेपर्यंत कोळ्यांची जाळी होती. जाळ्यांवर कोरडी, जुनी धूळ साचली होती.