धाव निघालेलं चाक

"दांडे आखूड कापले तू! दुसरं काय?" मॅनेजर चंद्रकुमार छताकडे बोट दाखवत ओरडला.

योगेश्वरीनं वर पाहिलं. इटियाडोह धरणाच्या काठावरच्या शिबिरातला हा सगळ्यांत मोठा गोल तंबू. त्याला 'यर्ट' म्हणतात, हे ती दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे आल्यावर शिकली होती. भोवती लाकडी जाळीची भिंत, भिंतीच्या माथ्यावरून मधल्या गोल कड्याकडे चढणारे छत्तीस दांडे. खांब एकही नाही. आज मात्र ते कडं वीतभर खाली उतरलं होतं.

"चार बजे सहल येऊन राहिली, लीलाधर. चाळीस लेकरं! मी मधात बांबू लावतो. तू उद्यापासून येऊ नको."

लीलाधरमामा सुतार. दांडे त्यांनीच कापले होते. ते हत्यारं उचलून बाहेर पडले.

"बाबा, काऊन गप राहिले?" त्यांची मुलगी भूमेश्वरी चिडली.

"कडं उतरलं ते दिसूनच राहिलं. बोलू काय?"

योगेश्वरी दारातच थांबली होती. दार पूर्ण ओढलं, तरी कडी कोंड्यापासून चार बोटं लांब राहत होती.

"परवा तर लागत होतं हे! टिकेश, टेप आण!"

तिचा धाकटा भाऊ धावतच टेप घेऊन आला. मामांनी जमिनीवर सहा मीटर व्यासाचं वर्तुळ आखलं होतं. भिंतीच्या माथ्यापाशी आरपार मापलं, तर सहा मीटर अठरा सेंटिमीटर!

"दांडे बरोबर आहेत, मामा. भिंतच बाहेर फाकली!"

"भिंत कायले फाकन?" भूमेश्वरीनं विचारलं.

योगेश्वरीला मामांच्या अंगणातलं बैलगाडीचं चाक आठवलं. "चाकाची लोखंडी धाव काढली, की आरे फाकतात ना? तसंच. या भिंतीला धाव कुठली?"

मामा ताडकन उठले. "तार! माथ्याभोवती पोलादी तार आवळली होती मी!"

टिकेशनं बाहेरच्या कापडाखाली हात घातला. "इथं काहीच नाही!"

तिघा मुलांनी शिबिर पालथं घातलं. स्वयंपाकघरामागे मोहाच्या दोन झाडांमध्ये ताणलेली तार चकाकत होती. तिच्यावर ओल्या चादरी!

हाक मारून आणलेल्या चंद्रकुमारचा चेहरा उतरला. "ते... कापडाखाली गुंडाळली होती. पेच ढिला करून काढली. मले वाटलं, एक्स्ट्रा आहे."

"साहेब, विचारायचं तरी!" मामा एवढंच म्हणाले आणि कामाला लागले.

आधी त्यांनी मॅनेजरच्याच बांबूनं कडं उचलून धरलं. "आत कोणी थांबू नका! बाहेरून रेटा!" माळी, आचारी, मुलं, खुद्द मॅनेजर, सगळ्यांनी भिंतीला खांदे लावले. मामांनी तार माथ्याभोवती गुंडाळून तिचा पेच आवळायला घेतला. भिंत बोटाबोटानं आत आली.

"शेवटचा पीळ तू दे, योगे." मामांनी पाना तिच्या हातात दिला.

तिनं जोर लावून पेच फिरवला. टिकेशनं दार ओढलं. खट्! कडी कोंड्यात बसली.

मग मामांनी बांबू काढला. कडं तसूभरही हललं नाही.

"मानलं पोरी तुले!" चंद्रकुमार म्हणाला. मग जरा ओशाळून, "लीलाधर, उद्या आठला येशील न?"

"येतो. पण माझ्या तारेले हात लावाचा नाही."

"नाही, नाही! पण मग चादरी वाळवू कशावर?"

तेवढ्यात रस्त्यावर बसचा भोंगा वाजला. टिकेशनं काथ्याच्या दोरीचं एक टोक मॅनेजरच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तो मोहाकडे धावत सुटला.